शपथेनंतर काय? ‘एकच प्याला’ आणि आपली व्यसनमुक्ती



या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा संयोजकांनी आम्हाला विचारलं, की हे नाटकावरचं व्याख्यान समजायचं की व्यसनमुक्तीवरचं? जाहिरातीत काय छापू? आम्ही म्हटलं, दोन्ही छापा. कारण महाराष्ट्रात दारूबद्दल आपण जे काही धरून चालतो, त्यातलं बरंचसं एका नाटकाच्या रूपाने आपल्या मनात बसलं आहे. ज्यांनी ते नाटक पाहिलेलं नाही, वाचलेलं नाही, त्यांच्याही मनात. एका प्याल्याने सुरुवात होते, सोन्यासारख्या संसाराची राखरांगोळी होते, आणि बायको शेवटपर्यंत नवऱ्याच्या पायाशी. ‘एकच प्याला’ म्हटलं की एवढं आपल्याला पाठ असतं.

आमचं म्हणणं असं आहे, की हे नाटक आपण अर्धंच लक्षात ठेवलं. आणि जे अर्धं लक्षात ठेवलं, त्यावरच आपली उपचाराची पद्धत बेतली. जे अर्धं विसरलो, त्यात आज उपयोगी पडेल असं बरंच काही होतं. आज एवढंच मांडायचं आहे.

आधी आमची थोडी ओळख. आम्ही सात-आठ जण दर शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात बसतो. उपचार घेऊन घरी परतलेली माणसं, त्यांच्या बायका, कधी एखाद्याची आई. आमच्यातले काही जण स्वतः त्या वाटेने जाऊन आलेले आहेत, काही जण नुसतेच नाटकवेडे. मागच्या पावसाळ्यात ठरवलं, की हे नाटक मोठ्याने वाचायचं. दर शनिवारी थोडं थोडं. पहिल्या दोन शनिवारी मंडळी हसत होती. तळीराम आणि त्याचं ते आर्य मदिरा मंडळ म्हणजे गडकऱ्यांच्या विनोदाची खाणच. पण पुढे एक जागा आली आणि आमच्यातला एक जण म्हणाला, “जरा थांबा इथं.” ती जागा कोणती, ते सांगतो. त्यासाठी आधी कथानक उजळून घेऊ.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. वय फक्त ३३. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यांच्या निधनानंतर, त्याच वर्षी. गंधर्व नाटक मंडळीने ते केलं, आणि बालगंधर्वांची सिंधू पाहून लोक रडले. कथा अशी : सुधाकर हुशार वकील आहे, मानी आहे. कोर्टात खटका उडतो आणि त्याची वकिलीची सनद काही काळासाठी जाते. तो अपमान त्याला गिळवत नाही. तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. त्यानंतरची घसरण आपल्याला माहीत आहे. पैसा जातो, पत जाते. सिंधू लोकांचं दळण दळून घर चालवते. शेवटी सुधाकरच्याच हातून लहान मूल मरतं, सिंधू मरते, आणि मरताना ती पोलिसांसमोर नवऱ्याला पाठीशी घालते. सुधाकरही स्वतःला संपवतो.

आता मधली एक गोष्ट. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. शपथ घेतो. मनापासून घेतो. मग कामधंदा शोधायला बाहेर पडतो. प्रतिष्ठित लोकांची दारं ठोठावतो. आणि तिथे त्याला काय मिळतं? अपमान. दारुड्याला कोण नोकरी देणार? त्या अपमानातून तो परत प्याल्याकडे जातो, आणि या वेळी कायमचा.

आमच्या माणसाने थांबवलं ते इथे. तो म्हणाला, “हे माझंच आहे. मी शुक्रवारी केंद्रातून सुटलो. सोमवारी गॅरेजवर गेलो. मालक म्हणाला, बघू नंतर. दुपारी चहाच्या टपरीवर जुने दोस्त भेटले. ते म्हणाले, आलास का, बस. एवढंच. कोणी आग्रहसुद्धा केला नाही.” तो आठवडाभरात परत पिऊ लागला होता. नंतर दुसऱ्यांदा उपचार घेतले, तेव्हा कुठे जमलं. आम्ही त्या शनिवारी पुढे वाचलंच नाही.

मंडळी, शंभर वर्षांपूर्वी गडकऱ्यांनी हे लिहून ठेवलं आहे. पण नाटकाबद्दल बोलताना आपण काय बोलतो? पहिल्या प्याल्याबद्दल बोलतो. शीर्षकच तसं आहे म्हणा. शाळेच्या भाषणांत, दारूबंदी सप्ताहात, भिंतीवरच्या चित्रांत सगळीकडे पहिला प्याला. पहिला घेऊ नका म्हणजे झालं. जो अजून प्यायलेला नाही त्याला हे ठीक आहे. पण जो पंधरा वर्षं पितो आहे, त्याच्यासाठी या सल्ल्यात काही नाही. त्याच्यासाठी प्रश्न आहे तो शेवटच्या प्याल्यानंतरच्या सोमवारचा.

याच नाटकात दुसरा एक माणूस आहे, भगीरथ. त्याची आठवण तर कोणी काढतच नाही. प्रेमभंगातून दारूला लागलेला हा तरुण त्याच मंडळातला. पण तो सुटतो. कसा सुटतो? रामलाल त्याला जवळ करतो. त्याला काम देतो, लोकांच्या उपयोगी पडण्याची वाट दाखवतो, आपल्या बरोबरीने वागवतो. आता सुधाकर आणि भगीरथ शेजारी ठेवून पाहा. सुधाकर काही कमी निश्चयी नाही. उलट त्याचा मानीपणा हाच त्याचा घात आहे. भगीरथाची इच्छाशक्ती त्याच्यापेक्षा थोर होती, असं नाटकात कुठेही दिसत नाही. फरक एवढाच, की एकाला दारू सोडल्यावर माणूस भेटला आणि काम मिळालं, दुसऱ्याला बंद दार मिळालं. आजच्या भाषेत ज्याला आपण पुनर्वसन म्हणतो, ते गडकऱ्यांनी एका उपकथानकात घालून ठेवलं होतं. आपण ते गौण पात्र म्हणून सोडून दिलं.

अर्थात नाटकाचे दोषही बोलायला हवेत, नाहीतर ही नुसती आरती होईल. पहिला दोष असा, की प्रयत्न फसला की माणूस संपला, असं नाटक सांगतं. सुधाकर एकदा घसरतो आणि त्यानंतर परत उठायची शक्यताच उरत नाही. शोकांतिकेला ते शोभतं. उपचाराला नाही. दुसरा दोष सिंधूचा. तिच्या सहनशीलतेला नाटकाने देवपण दिलं. आणि तिसरा, उपचाराला तिथे जागाच नाही. तळीरामाच्या आजारात डॉक्टर आणि वैद्य येतात ते आपल्याला हसवायला. पण यात गडकऱ्यांना दोष देता येत नाही. अमेरिकेतल्या ॲक्रन गावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात झाली १९३५ मध्ये. दारू सोडवायला मदत करणारं डायसल्फिराम हे औषध वापरात आलं १९४० च्या दशकाच्या शेवटी. १९१९ मध्ये गडकरी दाखवणार तरी कुठला उपचार?

प्रश्न त्यांचा नाही, आपला आहे. आज उपचार आहेत. तरीसुद्धा आपण सुधाकरचीच गोष्ट चालवतो आहोत. कशी, ते तीन मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा शपथेचा. आपल्याकडे दारू सोडणं म्हणजे एक क्षण. देवासमोर हात ठेवला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, सोडली. काही जण तर अभिमानाने सांगतात, “एका दमात टाकली, डॉक्टर नको की गोळी नको.” मंडळी, हे ऐकायला भारी वाटतं, पण रोज भरपूर पिणाऱ्याने असं अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम येतो, झोप जाते. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो, वेळ-जागा कळेनाशी होते. ही वैद्यकीय आणीबाणी असते. घरचे समजतात बाहेरची बाधा झाली. त्याला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी दुसरीकडेच नेतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली योग्य गोळ्या दिल्या, बी-१ जीवनसत्त्व दिलं, तर हे दिवस बहुतेकांचे सुखरूप जातात. म्हणजे पहिली सुधारणा अगदी साधी आहे : सोडायची ठरवलीत तर आधी डॉक्टरला सांगा. हे वाक्य प्रत्येक दारूबंदीच्या फलकावर असायला हवं. आम्ही अजून ते एकाही फलकावर वाचलेलं नाही.

शपथेचंच दुसरं रूप म्हणजे गुपचूप औषध. ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडवर, मुतारीच्या भिंतीवर आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जेवणात पावडर कालवायची. कंटाळलेल्या बाईने ती घेतली तर तिला आम्ही काय बोलणार? पण तिला हे सांगितलं पाहिजे, की त्या पुडीत काय आहे ते तिलाही माहीत नसतं. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. कधी जीव जातो. हे औषध त्या माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधंही आज मिळतात. बहुतेक कुटुंबांनी त्यांची नावंही ऐकलेली नसतात.

दुसरा मुद्दा डिस्चार्जचा. आपण शपथेच्या जागी दाखल होणं आणलं, एवढाच बदल केला. आधी वाटायचं एका शपथेने सुटेल, आता वाटतं तीस दिवसांनी सुटेल. माणूस आत गेला, वजन वाढवून बाहेर आला, घरच्यांनी पेढे वाटले. गोष्ट संपली. पण शरीरातून दारू उतरवायचं काम सात-दहा दिवसांत होतं. ते सगळ्यात सोपं काम आहे. बाकीचं काम महिन्यांचं, वर्षांचं आहे.

अभ्यासक सांगतात, की व्यसनाच्या उपचारानंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के आहे. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, बघा, काही उपयोग नाही. पण रक्तदाब आणि दमा यांच्या रुग्णांतही उपचार सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण याच आसपास असतं. रक्तदाबाची गोळी सोडली आणि बीपी वाढलं, तर डॉक्टर रुग्णाला हाकलून देतात का? “तुझ्यात दमच नाही” असं म्हणतात का? गोळी बदलतात, डोस बदलतात, आठवड्याने या म्हणतात. दारूच्या बाबतीत मात्र घसरला की घरचे म्हणतात, पन्नास हजार पाण्यात. आणि तो माणूस लाजेने केंद्राकडे फिरकत नाही. जिथे सगळ्यात आधी जायला हवं, तिथेच जायची लाज. हे आपण सुधाकरकडून शिकलो : एकदा पडला की संपला.

आमच्या शनिवारच्या मंडळींपैकी एकाने आम्हाला त्याचं डिस्चार्ज कार्ड दाखवलं. कुठल्या केंद्राचं ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. त्यावर दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, बिल, आणि खाली छापील ओळ : व्यसनापासून दूर राहावे. पुढच्या भेटीची तारीख नव्हती. कोणाला फोन करायचा ते नव्हतं. ओढ लागली तर काय करायचं, प्यायला गेलाच तर काय करायचं, काही नव्हतं. मोतिबिंदूचं ऑपरेशन करून आलेल्या आजीच्या कागदावर तिच्यापेक्षा जास्त सूचना असतात हो. थेंब कधी घालायचे, पाणी कधी लावायचं, परत कधी दाखवायचं.

हे वेगळ्या रीतीने करता येतं, हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. देशपांडे यांचा त्याला आधार होता. गर्दचं व्यसन तेव्हा शहरात पसरत होतं. तिथे उपचाराला आलेल्या माणसाला रुग्णमित्र म्हणतात. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे तिथे कार्यकर्ते झाली. बायकांसाठी सहचरी नावाचा गट केला. घरी गेल्यावर पाठपुरावा व्हावा म्हणून गावोगावी बैठका घेतल्या. हे सगळं ऐकताना तुम्हाला भगीरथ आठवतो की नाही पाहा. माणूस आणि काम. त्याला नावानं हाक मारणारं कोणीतरी, आणि त्याच्यावर सोपवलेली एखादी जबाबदारी. पण एका संस्थेने दाखवलेली वाट सगळीकडची व्यवस्था व्हायला हवी होती. ती झाली नाही. आजही बरीच केंद्रं किती जण दाखल झाले तेच मोजतात. वर्षाने त्यातले किती जण संपर्कात आहेत, हे विचारलं की उत्तर नसतं.

काही ठिकाणी तर उपचाराच्या नावाखाली कोंडणं आणि मारणं चालतं. आमच्याकडे आलेल्यांपैकी दोघांनी ते अंगावर सोसलं आहे. त्यांना हेही माहीत नव्हतं, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. म्हणजे त्या कायद्याने रुग्णाला दिलेले हक्क त्यांनाही आहेत. रुग्णाला साखळीने बांधायला तो कायदा बंदी करतो. मानसिक आजारासाठीचा आरोग्य विमा शारीरिक आजाराच्याच धर्तीवर द्यायला सांगतो. केंद्रात जाण्याआधी नोंदणीचा कागद बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरं केंद्र शोधा.

मालाच्या बाबतीत, म्हणजे तुळशीच्या माळेच्या बाबतीत, एक गोष्ट इथे सांगायला हवी. आपल्याकडे कितीतरी जणांनी माळ घालून दारू सोडली. शहाणे लोक म्हणतात ही श्रद्धा, आणि विषय सोडून देतात. आम्ही जरा नीट पाहिलं. माळ घातली म्हणजे नुसती शपथ घेतली असं नसतं. एकादशी येते. संध्याकाळी भजन असतं, म्हणजे नेमकी प्यायची वेळ भरून निघते. जुने दोस्त सुटतात, नवे माळकरी मिळतात. वर्षातून एकदा दिंडीचं बोलावणं येतं. कोणी दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी घरी विचारायला येतात. पाठपुराव्याची याहून चांगली व्यवस्था कुठल्या केंद्राची असते? मात्र माळ घालून जो भजनाला कधी गेलाच नाही, त्याची माळ खुंटीला लागलेली आम्ही पाहिली आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांतही असंच घडतं. ठरलेला वार, ठरलेली जागा, तुमच्यासारखीच माणसं, आणि घसरलात तरी बंद न होणारं दार. ज्याला देवाचं वावडं आहे त्याला भजन नको असेल, तर त्याला समुपदेशकाचा गट द्या, कामगारांचा गट द्या. पण गट द्या.

तिसरा मुद्दा सिंधूचा. हा सगळ्यात अवघड आहे.

व्यसन हा आजार आहे म्हटलं, की बायका आम्हाला विचारतात, “म्हणजे त्याने मारलं ते पण आजारात धरायचं का?” एक बाई म्हणाल्या होत्या, “तुम्ही त्याला रुग्ण म्हणता. मग मी कोण?” याला उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला. आजचं आमचं उत्तर असं : ओढ हा आजार आहे. हात उचलणं हा गुन्हा आहे. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, आणि उपचार चालू आहेत म्हणून दुसऱ्याला माफी नाही. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा नवरा पिऊन होता की शुद्धीत होता, यावर संरक्षण ठरवत नाही. सिंधूने मरताना खोटं सांगितलं, आणि आपण शंभर वर्षं त्याला पातिव्रत्य म्हणून टाळ्या दिल्या. आज एखाद्या सिंधूला वाचवायचं असेल, तर तिला त्याच दिवशी सांगितलं पाहिजे : बाई, तुझं काम त्याला सुधारणं नाही. आधी तू आणि मूल सुरक्षित राहा. जाण्यासाठी एक घर ठरवून ठेव, कागदपत्रं एका पिशवीत ठेव, फोन नंबर पाठ कर.

उपचार केंद्रांत बायकोला बोलावतात ते बहुतेक वेळा माहिती द्यायला आणि सही करायला. तिची झोप, तिची भीती, तिचं कर्ज याबद्दल विचारायला वेळ नसतो. आणि जिथे बाईच पीत असेल, तिथे तर सगळंच झाकलं जातं. नवरा पितो तर घराची कीव येते, बाई पिते तर घराची लाज. तिला केंद्रात नेत नाहीत, माहेरी पाठवतात. सिंधूच्या साच्यात न बसणाऱ्या बाईसाठी आपल्या गोष्टीत जागा नव्हती, म्हणून उपचारातही फारशी झाली नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण मूळच कापा ना. दुकानं बंद करा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, लोकांच्या चळवळीतून आलेली. आडव्या बाटलीसाठी मतदान करणाऱ्या बायकांचं धैर्य आम्ही मानतो. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली, त्यावरून दोन्ही बाजूंनी रणं माजली. आम्हाला त्या वादात आज शिरायचं नाही. एकच विचारायचं आहे. दुकान बंद झालं त्या रात्री गावातल्या वीस जणांचे हात थरथरायला लागले, तर त्यांना गोळी कोण देणार? दुकान उघडं असेल तर सोडणाऱ्याला साथ कोण देणार? दोन्ही बाजूंना हा माणूस उरतोच.

आणि असे किती आहेत? दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय केंद्राने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दिसलं, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. दाखल होऊन उपचार मिळणारा १८० मध्ये एक. बाकीच्यांकडे फक्त शपथ आहे. केंद्रं कितीही वाढवली तरी एवढ्यांना खाटा पुरणार नाहीत. म्हणून उपचार खाटेच्या बाहेर आणावे लागतील.

ते शक्य आहे का? शेजारच्या गोव्याकडे पाहू. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. संगात या संस्थेच्या लोकांनी केला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलणं केलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीबाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. वर्षानंतर पाहिलं तर हा फरक आणखी वाढलेला होता. लक्षात घ्या, ही माणसं पूर्ण आहारी गेलेली नव्हती, त्यांच्याआधीच्या पायरीवरची होती. पण सुधाकर पहिल्या सहा महिन्यांत याच पायरीवर होता की नाही? तेव्हा त्याला तळीराम भेटला. गावच्या दवाखान्यात रक्तदाब मोजणाऱ्या ताईने “भाऊ, आठवड्यातून किती वेळा घेता?” एवढं विचारलं असतं, आणि पुढचं बोलायला तिला शिकवलेलं असतं, तर कदाचित पुढचे अंक वेगळे झाले असते.

तेव्हा शेवटी आमच्या मागण्या. मोठ्या नाहीत. एक, प्रत्येक केंद्राने डिस्चार्ज कार्डावर पाच गोष्टी लिहाव्यात : सात दिवसांच्या आतली पुढच्या भेटीची तारीख, फोन करायला एका माणसाचं नाव, चालू औषधं, जवळच्या गटाचा वार आणि जागा, आणि घसरला तर काय करायचं. दोन, केंद्रांनी दाखल झालेल्यांबरोबर वर्षभर संपर्कात राहिलेल्यांचीही मोजणी करावी आणि ती भिंतीवर लावावी. तीन, घरच्यांसाठी वेगळी वेळ, वेगळी खोली. चार, ही मागणी तुम्हा-आम्हाला. गॅरेजचे मालक, दुकानदार, सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेचे विश्वस्त असे अनेक जण हे व्याख्यान ऐकत असतील. उपचार घेऊन आलेला माणूस काम मागायला आला तर “बघू नंतर” म्हणू नका. नाही जमत तर नाही म्हणा, पण कोणाकडे जमेल ते सांगा. जमत असेल तर अर्ध्या दिवसाचं काम द्या, पगार दर आठवड्याला हिशेबाने द्या, आणि शनिवारी बैठकीला जायला सुट्टी द्या.

कोणाला घरच्यासाठी किंवा स्वतःसाठी मदत हवी असेल तर १४४४६ हा सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या. पैसे लागत नाहीत.

आमच्या गॅरेजवाल्या मित्राचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तो सध्या एका दुसऱ्या गॅरेजवर आहे. मधे एकदा घसरला होता, दिवाळीत. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः फोन केला आणि शनिवारी येऊन बसला. त्या शनिवारी आम्ही नाटकाचं शेवटचं पान वाचलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “सुधाकरला फोन करायला कोणीच नव्हतं का?” आम्ही म्हटलं, रामलाल होता. तो म्हणाला, “मग तो सोमवारी कुठं होता?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आता तुमचे प्रश्न घेऊया.